कोपऱ्यावरच्या दुकानातली नोकरी : 'द शॉप अराउंड द कॉर्नर' आणि त्याचे रिमेक

डिसेंबरातलं व्याख्यान आहे, तेव्हा नाताळचा एखादा अभिजात सिनेमा घ्या, असं मला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांच्या मनात बहुधा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' होता. मी जेम्स स्ट्युअर्ट तोच ठेवतो, सिनेमा बदलतो. (हशा) त्याच्या सहा वर्षं आधीचा, १९४० सालचा, एर्न्स्ट लुबिचचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर'. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नसेल. पण 'यूव्ह गॉट मेल' पाहिलाय ना? टॉम हँक्स, मेग रायन, इमेल, न्यूयॉर्क? झालं तर मग. तो याच गोष्टीचा रिमेक आहे. आणि त्याच्या आधी आणखी दोन अवतार होऊन गेले आहेत, एक पडद्यावर आणि एक रंगमंचावर.

गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडखळायला नको. बुडापेस्टमध्ये आंद्राशी रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळलं की मातुशेक आणि कंपनी नावाचं चामड्याच्या नि भेटवस्तूंच्या सामानाचं दुकान आहे. पाकिटं, बॅगा, सिगरेटच्या पेट्या वगैरे. तिथे क्रालिक नावाचा वरिष्ठ विक्रेता आणि क्लारा नोव्हाक नावाची नवी विक्रेती यांचं अजिबात पटत नाही. दोघंही एका अनोळखी व्यक्तीशी पत्रव्यवहार करताहेत, नाव-गाव न सांगता, आणि त्या पत्रांच्या प्रेमात आहेत. ती अनोळखी व्यक्ती म्हणजे समोरच्या काउंटरवर उभं असलेलं माणूस, हे त्यांना ठाऊक नाही. त्याला आधी कळतं, तिला शेवटी, नाताळच्या आदल्या रात्री. मूळ नाटक हंगेरियन, मिक्लोश लास्लो यांचं, १९३७ सालचं. त्यात अत्तरं आणि प्रसाधनांचं दुकान होतं. पटकथा सॅमसन राफेलसनची.

आता ही गोष्ट अशी सांगितली की ती पत्रांची गोष्ट वाटते. सगळ्या रिमेकवाल्यांना ती तशीच वाटली. पत्र, दोन चेहरे, गैरसमज, मग उलगडा. युक्ती इतकी चोख आहे की ती कुठल्याही गावात, कुठल्याही काळात नेऊन बसवता येते. माझं म्हणणं असं आहे की लुबिचचा सिनेमा पत्रांवर जेवढा उभा आहे, तेवढाच नोकरी जाण्याच्या भीतीवरही उभा आहे. त्यातला नाताळ हा पगारदार माणसांचा नाताळ आहे. पुढच्या लोकांनी पत्रं उचलली आणि भीती मागे ठेवली, आणि मग नाताळचंही त्यांच्याकडे काय करायचं ते कळेना. हे आज जरा तपशिलात बघू.

लुबिच हा बर्लिनचा. १८९२ चा जन्म. वडिलांचा कपडे शिवण्याचा आणि विकण्याचा धंदा. पोरगा दिवसा वडिलांच्या दुकानात हिशेबाच्या वह्या लिहायचा आणि संध्याकाळी नाटकात काम करायला पळायचा. जर्मनीत असताना त्याने ज्या सुरुवातीच्या विनोदी फिल्म केल्या, त्यांतल्या एकीत, १९१६ सालच्या, तो स्वतः चपला-बुटांच्या दुकानातला इरसाल विक्रेता झालाय. म्हणजे काउंटरच्या मागे उभं राहणं त्याला आतून ठाऊक होतं. पुढे हॉलिवूडला जाऊन त्याने सरदार-उमराव, हिऱ्यांचे चोर, पॅरिसची हॉटेलं असे सिनेमे केले, नावही त्यावरच कमावलं. आणि मग १९४० मध्ये हा पुन्हा दुकानात परतला. युरोपात युद्ध सुरू होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. आणि गंमत म्हणजे हा नाताळचा सिनेमा प्रदर्शित झाला तो जानेवारीत!

सिनेमा सुरू कसा होतो बघा. सकाळची वेळ. दुकान बंद आहे आणि नोकरमंडळी बाहेर फुटपाथवर उभी आहेत. गप्पा चाललेल्या. मालक टॅक्सीने येतात, किल्ली त्यांच्याकडे, ते कुलूप उघडतात, मग बाकीचे आत. बस. ओळख परेड झाली. कोण कोणाच्या वर आहे, कोण मालकाची थुंकी झेलतो, कोण नुसताच दमलाय, हे आपल्याला दोन-चार मिनिटांत कळलेलं असतं. ही किल्ली लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

क्रालिकचं पोट त्या दिवशी बिघडलेलं आहे. आदल्या रात्री तो मालकांच्या घरी जेवायला होता आणि हंसाचं काळीज जरा जास्त झालं. तो पोऱ्याला, पेपीला, सोडा आणायला पाठवतो. विनोद म्हणून हे निघून जातं. पण त्यातून कळतं काय, तर हा नोकरांपैकी एकटाच मालकाच्या ताटाला ताट लावून जेवतो. हेही लक्षात ठेवा.

मग पिरोविच. फेलिक्स ब्रेसार्ट या नटाने केलेली भूमिका. नाझींमुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडलेला हा माणूस. पिरोविच हा बायकापोरं असलेला मध्यमवयीन विक्रेता. मालक मातुशेक जेव्हा जेव्हा म्हणतात की मला तुझं प्रामाणिक मत हवंय, तेव्हा तेव्हा पिरोविच तिथून पसार होतो. जिन्यावरून वर, नाहीतर मागच्या दाराने आत. लुबिच हे तीन-चारदा करतो आणि आपण दरवेळी हसतो. का हसतो? कारण आपल्याला ठाऊक आहे तो का पळतो. घरी खाणारी तोंडं आहेत. प्रामाणिक मत परवडत नाही. हिंदुस्थानातल्या कुठल्याही कचेरीत हा माणूस तुम्हाला भेटेल, आणि तुम्ही स्वतःही अधूनमधून तो झालेला असाल.

क्लारा येते तेव्हाचा प्रसंग तर असा आहे की विक्रीकला शिकवणाऱ्यांनी दाखवावा. ती दुकानात शिरते आणि क्रालिक पुढे होतो, अगदी मृदू, अगदी अदबशीर, कारण त्याला वाटतं गिऱ्हाईक आहे. ती सांगते मला काम हवंय. त्याचा आवाज तिथल्या तिथे बदलतो. जागा नाही, होणार नाही, उगाच वेळ घालवू नका. दोन वाक्यांच्या मध्ये ती गिऱ्हाइकाची गरजू झाली. या दोघांचं जे वैर आहे ते स्वभावाचं नाही हो, ते या क्षणापासूनचं आहे. आणि नोकरी तिला मिळते कशी? मालकाला एक सिगरेटची पेटी आवडलेली असते, उघडली की गाणं वाजणारी. क्रालिक म्हणतो माल हलका आहे, घेऊ नका. मालक हिरमुसतात. तेवढ्यात एक जाडजूड बाई येते, आणि क्लारा ती सिगरेटची पेटी गोळ्या-चॉकलेटची म्हणून तिच्या गळ्यात मारते. दरवेळी झाकण उघडलं की गाणं वाजेल आणि तुम्हाला आठवण होईल की आपण फार गोड खातो! बाई पैसे मोजते, मालक क्लाराला ठेवून घेतात. म्हणजे क्रालिकचं मत बरोबर असूनही तो हरला, आणि तिने पोट भरण्यासाठी त्याला हरवलं. पुढे काही महिन्यांनी त्या पेट्या काचेत भाव उतरवून मांडलेल्या दिसतात. मत बरोबर होतं त्याचं. पण ते दोघंही कधी बोलून दाखवत नाहीत.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तिकडे येतो. डिसेंबर आलाय. क्रालिकची आज संध्याकाळी त्या अनोळखी पत्रमैत्रिणीशी पहिली भेट ठरली आहे. लग्नाचा विचार मनात आहे. पिरोविचला तो विचारतो की दोन माणसांचा संसार कितीत भागतो, किती खोल्या लागतात, पाहुणे आले तर काय. आणि इकडे मालकाला एक निनावी पत्र आलेलं आहे की तुमच्या बायकोचं तुमच्याच दुकानातल्या एका माणसाशी सूत जुळलंय. घरी येणारा-जाणारा नोकर कोण? क्रालिक. संशय त्याच्यावर. बघा, सिनेमात दोन प्रकारची निनावी पत्रं आहेत. एकाने माणूस फुलतो, दुसऱ्याने माणूस मरायला टेकतो. हे दुसरं पत्र रिमेकमधून कुठे गेलं ते मी नंतर सांगतो.

मालक क्रालिकला काढून टाकतात. कारण सांगत नाहीत. शिफारसपत्र देतात, पैसे देतात, संपलं. स्ट्युअर्टने हा प्रसंग किती हलक्या हाताने केलाय! ओरडाआरडा नाही. सहकारी अवघडून उभे आहेत, कोणाला काय बोलावं कळत नाही, कारण प्रत्येकाच्या मनात दोन विचार आहेत : बिचारा, आणि माझं काय. इतक्या वर्षांची नोकरी पाच मिनिटांत आटोपते.

आणि हाच माणूस त्याच संध्याकाळी कॅफेच्या बाहेर उभा आहे. खूण ठरलेली आहे : टेबलावर 'अ‍ॅना कॅरेनिना'ची प्रत आणि त्यात एक फूल. त्याला आत जायचा धीर नाही. बेकार माणूस कोणत्या तोंडाने लग्नाची गोष्ट काढणार? पिरोविच काचेतून डोकावून सांगतो की दिसते बरी, जरा आपल्या मिस नोव्हाकसारखी आहे... मिस नोव्हाकच आहे. क्रालिक आधी निघून जातो आणि मग एकटा परत येऊन तिच्या टेबलाशी बसतो, आपण कोण ते न सांगता. ती त्याला घालवू बघते. तो हटत नाही. शेवटी ती त्याला असं बोलते की तो एक क्षुल्लक दुकाननोकर आहे, त्यापलीकडे काही नाही.

आता हा अपमान कोणत्या दिवशी होतोय ते बघा. तिला माहीत आहे की आज दुपारी याची नोकरी गेली. म्हणजे तो आता क्षुल्लक दुकाननोकरसुद्धा नाही! आणि तिला हे माहीत नाही की ज्याच्या पत्रांवर ती जीव टाकते तो हाच. स्ट्युअर्टच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे येतं त्याला मी राग म्हणणार नाही. तो उठतो आणि जातो. हा प्रसंग १९९८ च्या सिनेमात जवळजवळ जसाच्या तसा आहे, टेबल, पुस्तक, फूल, काचेतून बघणारा मित्र, सगळं. फक्त एक गोष्ट नाही. त्याची नोकरी गेलेली नाही. तिकडे येऊच आपण.

पुढे काय होतं? खरा दोषी वाडाश नावाचा दुसरा नोकर निघतो, तो थुंकी झेलणारा. मातुशेक पिस्तूल घेऊन ऑफिसात बसतात आणि पोऱ्या पेपी ऐन वेळी पोचतो म्हणून वाचतात. विनोदी सिनेमात आत्महत्येचा प्रयत्न, बरं का. दवाखान्यातून ते क्रालिकला बोलावतात, चूक मान्य करतात आणि त्याच्या हातात दुकानाच्या किल्ल्या देतात. पहिल्या दृश्यातल्या किल्ल्या. दुसऱ्या दिवशी क्लारा दुकानात येते, क्रालिकला बघून त्याला पुन्हा दोन शब्द ऐकवते, कारण तिच्या लेखी तो काढून टाकलेला माणूस. मग तिला कळतं की तो आता मॅनेजर आहे. ती चक्कर येऊन पडते. (हशा) हसू येतंच. पण ती कशाने पडली? प्रेमाने नाही. नोकरीच्या धास्तीने.

आणि शेवटच्या उलगड्याआधीची थट्टा ऐका. क्रालिक क्लाराला सांगतो, तुझा तो पत्रमित्र येऊन मला भेटून गेला. पॉपकिन नाव त्याचं. पोट सुटलेलं, टक्कल पडत चाललेलं. एवढ्यावर थांबला असता तर ती नुसती रूपावरची थट्टा झाली असती. पण तो पुढे सांगतो की सध्या तो बेकार आहे, आणि तुझ्या पगारावर दोघांचं भागेल अशी त्याची आशा आहे! क्लाराचा चेहरा पडतो तो इथे. ज्याची नोकरी दोन आठवड्यांपूर्वी गेली होती तोच माणूस बेकारीवर विनोद करतोय, आणि तिला घाबरवायला याहून मोठा बागुलबुवा त्याला सुचत नाही. 'यूव्ह गॉट मेल'मध्ये याच जागी काय आहे? नायक त्या अनोळखी माणसाच्या टोपणनावातल्या १५२ या आकड्यावरून कोट्या करतो. दीडशे तीळ काढले असतील, नाकाला तेवढे टाके असतील. मजेदार आहे, नाही म्हणत नाही. पण पॉपकिनची बेकारी गेली आणि तीळ आले.

आता नाताळची संध्याकाळ. लुबिचच्या सिनेमात नाताळ म्हणजे बर्फ आहे, झाड आहे, पण सगळ्यात आधी तो मोसम आहे. धंद्याचा मोसम. मातुशेक दवाखान्यातून उठून येतात आणि आत न शिरता बाहेर फुटपाथवर उभे राहून आपल्याच दुकानाच्या काचेत बघतात, लोकांची गर्दी बघतात. रात्री दुकान बंद झाल्यावर गल्ला मोजला जातो आणि ते जाहीर करतात की १९२८ नंतरचा हा सगळ्यात मोठा दिवस. या एका सालावर जरा थांबा. १९२९ ला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे मधली सगळी वर्षं मंदीची गेली. कोणी त्यावर भाषण देत नाही. फक्त एक साल. आणि त्याबरोबर तुम्हाला कळतं की क्लारा नोकरीसाठी तशी का झगडत होती, पिरोविच का पळत होता, क्रालिक स्वस्तातला ज्ञानकोश घ्यायच्या विचारात पेपर चाळत असताना त्याला ती पत्रव्यवहाराची जाहिरात का दिसली. पैसे नव्हते हो. पत्र हा गरिबाचा कॅफे आहे.

मग बोनसची पाकिटं वाटली जातात. आपल्याला हे समजावून सांगायला नको, दिवाळीच्या आधी पाकीट हातात पडताना माणूस ते तिथेच उघडतो की घरी जाऊन, यावरून त्याची परिस्थिती कळते. पुढचं दृश्य फुटपाथवर, मातुशेक एकटे, यावर मी शेवटी येतो.

आता रिमेक. पहिला १९४९ चा, एमजीएमचाच, रंगीत, गाण्यांचा : 'इन द गुड ओल्ड समरटाइम'. ज्यूडी गार्लंड आणि व्हॅन जॉन्सन. बुडापेस्टचं शिकागो झालं, काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि चामड्याच्या दुकानाचं वाद्यांचं दुकान झालं, कारण गार्लंडला गायला जागा पाहिजे. नावातच बघा, नाताळ जाऊन उन्हाळा आला. शेवटी नाताळ आहे तसा, झाड आहे, एक नाताळचं गाणं आहे, पण तो कॅलेंडरवरचा नाताळ. मालकाच्या बायकोचं प्रकरण काढून टाकलंय. मालक आता अविवाहित आहे आणि आपल्या हिशेब बघणाऱ्या बाईवर त्याचा वर्षानुवर्षं जीव आहे. निनावी पत्राच्या जागी काय आणलंय? एक मौल्यवान व्हायोलिन. ते नायकाने परस्पर दुसऱ्याला वाजवायला दिलं म्हणून मालक रागावतो. गैरसमज मिटतो. पिस्तूल नाही, दवाखाना नाही. ज्या कारणासाठी नोकरी जाते ते कारण इतकं गोंडस आहे की ती परत मिळणार याबद्दल तुम्हाला क्षणभरही शंका येत नाही. ही पटकथा ज्यांच्या हातून गेली त्यांत अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सेस गुडरिच हे जोडपं आहे, 'इट्स अ वंडरफुल लाइफ'च्या लेखनातलं. कर्जात बुडालेल्या, पुलावर उभ्या राहिलेल्या माणसाचा नाताळ त्यांनी तीनच वर्षांपूर्वी लिहिला होता. इथे त्यांना ते लिहायचं नव्हतं, किंवा लिहू दिलं नसेल. रंगीत गाण्यांच्या सिनेमाचा स्टुडिओचा एक हिशेब असतो.

पण या सिनेमात दोन माणसं आहेत, त्यांच्यासाठी तो जरूर बघा. एक, मालक झालेला एस. झेड. साकाल. गोबऱ्या गालांचा हा नट जन्माने बुडापेस्टचा! गोष्ट बुडापेस्ट सोडून शिकागोला आली आणि तिने सोबत खरा बुडापेस्टकर आणला. दुसरा, दुकानातला एक नोकर : बस्टर कीटन. मूकपटांचा राजा. याच एमजीएमने त्याला १९३३ मध्ये काढून टाकलं होतं, आणि नंतर त्याच कंपनीत तो दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी विनोद रचून देणारा पगारी माणूस म्हणून परतला. व्हायोलिन घेऊन पडायचा प्रसंग त्याने रचला आणि तसं पडणं दुसऱ्या कोणाला जमेना म्हणून भूमिकाही त्यालाच दिली, असं सांगतात. कथेतून नोकरीची धास्ती काढून टाकली, आणि ती कोपऱ्यात गप्प उभी होती, कीटनच्या चेहऱ्याने.

१९६३ चं ब्रॉडवेवरचं संगीत नाटक 'शी लव्ज मी' यावर मी फार वेळ घालवत नाही. पुढच्याच वर्षी 'फिडलर ऑन द रूफ' देणाऱ्या बॉक आणि हार्निक यांचं संगीत आणि गीतं. ते परत बुडापेस्टला जातं, परत अत्तराच्या दुकानात जातं, आणि मालकाचं पिस्तूलही परत आणतं. म्हणून ते टिकलं, नवनव्या संचांत परत येत राहिलं. एवढंच सांगतो.

आता १९९८. नोरा एफ्रन दिग्दर्शक, बहीण डेलियाबरोबर पटकथा. हा सिनेमा हलका म्हणून उडवून लावायची पद्धत आहे, मला ते मान्य नाही. एफ्रनबाईंना मूळ सिनेमा नीट कळलेला आहे. नायिकेच्या पुस्तकांच्या दुकानाचं नावच 'द शॉप अराउंड द कॉर्नर'. त्यांना हेही कळलंय की या काळात दुकान हीच जाणारी गोष्ट आहे. जो फॉक्सची पुस्तकांची अवाढव्य साखळी समोर येते आणि कॅथलीनचं आईपासून चालत आलेलं मुलांच्या पुस्तकांचं दुकान बंद पडतं. नाताळच्या दिवसांत ती झाड सजवते आणि तिला आई आठवते. तो तुकडा खरा आहे. आणि ती हरते. लुबिचमध्ये दुकान वाचतं, इथे दुकान मरतं. म्हणजे १९४९ ने जी भीती पुसली ती १९९८ ने परत आणली, उलट वाढवून आणली.

मग बिनसलं कुठे? सत्तेच्या बाजूने. मूळ सिनेमात दोघंही नोकर. एकमेकांची पगाराची पाकिटं साधारण माहीत असलेले. कॅफेच्या काचेतून डोकावणारा पिरोविच हा क्रालिकचा सहकारी, त्याच्याच पातळीवरचा. १९९८ मध्ये काचेतून डोकावणारा मित्र हा नायकाच्या हाताखाली काम करतो. लहानसा बदल आहे, पण बघा. क्रालिक टेबलाशी बसतो तेव्हा त्याच्याकडे गुपित आहे आणि खिसा रिकामा आहे. जो फॉक्स बसतो तेव्हा त्याच्याकडे गुपितही आहे आणि तिच्या दुकानाच्या मरणाचा आराखडाही. त्यानंतर तो कितीतरी आठवडे तिला ओळखत नसल्यासारखा तिच्याशी बोलत राहतो, आजारपणात फुलं घेऊन जातो, मैत्री जुळवतो. मान्य, क्रालिकही मॅनेजर झाल्यावर गुपित ठेवून तिची गंमत करतो. पण तो रस्त्यावर येऊन गेलेला मॅनेजर आहे. फॉक्सचं या सगळ्यात काय गेलं? काही नाही. तो म्हणतो हा धंदा आहे, यात व्यक्तिगत काही नाही, आणि कॅथलीन त्याला चोख उत्तर देते की तिच्यासाठी होतं. एफ्रनबाईंनी प्रश्न बरोबर मांडला. मग उन्हं आली, फुलांची बाग आली, कुत्रा आला, आणि प्रश्न त्या बागेत हरवून गेला. शेवट बघा कुठे झाला : वसंतात. याही सिनेमाला नाताळपाशी थांबता आलं नाही. थांबला असता तर बंद दुकानासमोर थांबावं लागलं असतं.

तिच्या नोकरांचं काय झालं? एक वृद्ध बाई शेअर्समुळे आधीच पैसेवाली निघते. जॉर्ज त्याच फॉक्सच्या दुकानात मुलांच्या विभागात लागतो. एका मिनिटाचं काम. लुबिचने यावरच अर्धा सिनेमा केला असता.

जाता जाता एक मौज. मातुशेक झालेला फ्रँक मॉर्गन हा आदल्याच वर्षी 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधला जादूगार होता. त्याच सिनेमातली डोरोथी, ज्यूडी गार्लंड, पहिल्या रिमेकची नायिका झाली. आणि 'यूव्ह गॉट मेल'च्या शेवटी जे गाणं वाजतं ते डोरोथीचंच इंद्रधनुष्याचं गाणं, हॅरी निल्सनच्या आवाजात. मुद्दाम की योगायोग, तुम्ही ठरवा. आणि हो, त्या फॉक्सच्या साखळीसारख्या खऱ्या साखळ्या. त्यांतली बॉर्डर्स २०११ मध्ये दिवाळं निघून बंद झाली. ॲमेझॉनने इंटरनेटवर पुस्तकं विकायला १९९५ मध्येच सुरुवात केली होती, म्हणजे दोघं जण ज्या तारेवरून प्रेमपत्रं पाठवत होते, त्याच तारेवरून फॉक्सचा काळ येत होता. सिनेमाला त्याचा पत्ता नव्हता. त्याला दोष नाही.

वेळ झालीय, एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : मूळ सिनेमात मालक सरळ संशयावरून माणसाला काढतो आणि शेवटी बोनस वाटून चांगला ठरतो. हा मालकांना सोयीचा सिनेमा नाही का?)

चांगलं विचारलंत. आहे, थोडा आहे. मातुशेकला माफी फार स्वस्तात मिळते. क्रालिकने एक वाक्यही ऐकवलं नाही त्याला. यात लुबिच मालकाच्या मुलाच्या नजरेने बघतोय असंही कोणी म्हणेल, वडिलांचंच दुकान होतं शेवटी. पण मी जे शेवटासाठी राखून ठेवलं होतं ते दृश्य बघा. पाकिटं वाटून झाली, सगळे बाहेर पडताहेत, बर्फ पडतंय. बायको गेलेली, घर रिकामं. मातुशेक दुकानाच्या दाराशी उभे राहून एकेकाला विचारतात, आज रात्री काय बेत. प्रत्येकाचा काही ना काही बेत आहे. पिरोविचची पोरं वाट बघताहेत. पेपी आता विक्रेता झालाय, त्याचं वेगळंच चाललंय. सगळे अदबीने शुभेच्छा देतात आणि जातात. त्यांना बोनस मिळाला, त्यांनी आभार मानले, पण संध्याकाळ त्यांची आहे आणि ती ते मालकाला देत नाहीत.

उरतो रूडी. नवा पोऱ्या, मालकाने त्याला आजवर नीट पाहिलेलंही नाही. शहरात एकटा. मग मातुशेक त्याला काय काय खाऊ घालणार याची यादी सांगायला लागतात : सूप, भाजलेला हंस, बटाटे, लाल कोबी, काकडीची कोशिंबीर, वर सफरचंदाचा गोड पदार्थ, तोही दुप्पट. मुलाचे डोळे मोठे होत जातात. सिनेमातला सगळ्यात सुखाचा क्षण आहे तो, मला दरवेळी बरं वाटतं. पण सुरुवातीला मी म्हणालो होतो ना, क्रालिकचं पोट मालकाच्या घरच्या हंसानेच बिघडलेलं असतं? तो आता क्लाराकडे आहे. मालकाच्या टेबलाशी ती खुर्ची रिकामी झाली, आणि तिथे रूडी बसायला चाललाय, जो नोकरीला नवा आहे आणि ज्याला मालकाला नाही म्हणता येण्यासारखं नाही. टॅक्सी थांबते, दोघं आत बसतात.

पुढचा प्रश्न? मागे कोणीतरी हात वर केला होता.